मॉर्टन बे : एका कैद्याचं म्हणून सांगितलं जाणारं गाणं

ब्रिस्बेन म्हटलं की आपल्याकडे गाबा आठवतं, १९ जानेवारी २०२१, रहाणेच्या पोरांनी ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात लोळवलं तो दिवस. पण हेच ब्रिस्बेन साधारण दोनशे वर्षांपूर्वी असं ठिकाण होतं की जिथे एकदा काळ्या पाण्यावर आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा काळ्या पाण्यावर पाठवायचे. म्हणजे आधी इंग्लंड नाहीतर आयर्लंडमधून जहाजात कोंबून सिडनीला आणायचं, आणि तिथे त्याने परत काही केलं, पळून गेला, मालकाला उलट बोलला, चोरी केली, की सिडनीहून परत जहाजात घालून किनाऱ्याकिनाऱ्याने वर उत्तरेला. त्या जागेचं नाव मॉर्टन बे. आणि त्याच नावाचं एक लोकगीत आहे, ऑस्ट्रेलियातल्या कैदीगीतांमधलं माझ्या मते सगळ्यात जबरदस्त, आणि सगळ्यात जास्त चुकीच्या पद्धतीने वाचलं जाणारं.

गाण्यात काय आहे ते आधी सांगतो, शब्दशः नाही, आशय. रविवारची सकाळ आहे, कोणीतरी ब्रिस्बेनच्या पाण्याकाठी फिरायला गेलाय, तिथे त्याला एक कैदी उन्हात काठावर पडून आपल्या नशिबाला रडताना ऐकू येतो. मग तो कैदी बोलायला लागतो. मी आयर्लंडचा, मला म्हाताऱ्या आईबापांपासून आणि माझ्या प्रेयसीपासून तोडून आणलं. मी पोर्ट मॅक्वारीला होतो, नॉरफोक बेटावर होतो, एमू प्लेन्स, कॅसल हिल, टूंगॅबी, सगळीकडे बेड्या घालून राबलो, पण या मॉर्टन बेसारखा नरक कुठे पाहिला नाही. तीन वर्षं जनावरासारखं वागवलं, पाठीची सालटी निघाली, उपासमारीने किती माणसं मातीत गेली, आणि तिथला कमांडंट कॅप्टन लोगन याने आम्हाला फटक्यांच्या तिकाटण्यावर बांधून फोडून काढलं. बायबलमध्ये मिसरच्या गुलामीत यहुद्यांचं झालं तसं आमचं लोगनच्या जुवाखाली झालं, शेवटी तिथल्याच एका काळ्या मूळनिवाशाने दबा धरून त्याला ठार केलं. गड्यांनो खूश व्हा, अशा सगळ्या राक्षसांना असंच मरण येवो, आणि आपण सुटू तेव्हा हे सगळे हाल मनातून पुसले जातील. बस, एवढंच. पाच-सहा कडवी.

आता बहुतेक ठिकाणी हे गाणं असं सादर करतात की एका कैद्याने आपला अनुभव लिहून ठेवला. डायरीसारखा. मला वाटतं तिथेच गडबड आहे, कारण या गाण्यातला "मी" हा एक माणूस असूच शकत नाही, आणि ते एकदा कळलं की गाणं कमी खरं वाटायच्या ऐवजी जास्त खरं वाटायला लागतं. कसं ते बघू.

थोडी पार्श्वभूमी. इंग्रज आधी आपले कैदी अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये पाठवायचे, १७७५ नंतर अमेरिका हातची गेली तेव्हा तो रस्ता बंद झाला. मग मे १७८७ मध्ये ११ जहाजं पोर्ट्समथहून निघाली, जानेवारी १७८८ मध्ये बॉटनी बेला पोचली, जागा आवडली नाही म्हणून काही दिवसातच शेजारच्या बंदरात सरकली, ते आजचं सिडनी. गंमत म्हणजे गाण्यांमध्ये सगळे कैदी बॉटनी बेलाच जातात, जिथे वसाहत कधी झालीच नाही. इंग्लंडमध्ये ते नाव तोंडात बसलं ते बसलंच. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत साधारण १ लाख ६२ हजार माणसं अशी नेली, त्यात २५ हजारच्या आसपास बायका. आयरिश लोक साधारण एक चतुर्थांश. म्हणजे तीन भाग कैदी आयरिश नव्हते, हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

हा उद्योग एकट्या ऑस्ट्रेलियापुरता नव्हता बरं का. त्याच काळात आपल्याकडचे कैदी पिनांग, सिंगापूर, मॉरिशसला जात होते, अंदमान तर १८५८ ला सुरू झालं. आणि उलट दिशेने चिनी आणि मलायी कैदी मुंबई इलाख्यात आणले, त्यातले काही महाबळेश्वरला ठेवले होते, आणि तिथली बटाट्याची आणि विलायती भाज्यांची शेती रुजवण्यात त्यांचा हात होता असं जुन्या गॅझेटियरमध्येच आहे. साम्राज्याला कुठेतरी फुकट मजूर हवे असायचे, बाकी न्याय वगैरे नंतर.

मॉर्टन बेची वसाहत १८२४ मध्ये रेडक्लिफला टाकली, पुढच्या वर्षी नदीकाठी आजच्या ब्रिस्बेनच्या जागी हलवली. मार्च १८२६ मध्ये तिथे कमांडंट म्हणून आला कॅप्टन पॅट्रिक लोगन, ५७ व्या पलटणीचा. माणूस कर्तबगार होता यात वाद नाही. आसपासचा प्रदेश पालथा घातला, नद्या शोधल्या, आजच्या इप्सविचजवळचे चुनखडीचे डोंगर शोधले, दगडी इमारती उठवल्या, त्यातलं एक कोठार आणि वरच्या टेकडीवरची पवनचक्की आजही ब्रिस्बेनच्या मधोमध उभी आहे. पवनचक्की मक्याचं पीठ करायला बांधली, आणि तिला जोडून एक पायचक्की होती, म्हणजे शिक्षा झालेले कैदी पायऱ्यांसारख्या फळ्यांवर तासन् तास चढत राहायचे आणि त्यांच्या वजनावर जातं फिरायचं. आपल्याकडे जेलात चक्की पिसिंग म्हणतात त्याचा हा राक्षसी अवतार.

आणि फटके. तिकाटणं म्हणजे तीन वासे वर एकत्र बांधलेले, त्याला माणूस हातपाय ताणून बांधायचा आणि नऊ शेपट्यांच्या चाबकाने कोरडे ओढायचे. कैद्यांवरच्या सुपरिंटेंडंटने ठेवलेल्या नोंदींचा एक तुकडा उरलाय, फेब्रुवारी ते ऑक्टोबर १८२८ चा, त्या काही महिन्यांत ११ हजाराच्या वर फटके मारलेत, दर खेपेला सरासरी ५० च्या आसपास. ही नोंद सरकारी आहे, कैद्याने रडून सांगितलेली नाही. म्हणजे पाठीबद्दल गाणं अजिबात फुगवून सांगत नाहीये.

उपासमारीचं थोडं वेगळं आहे. १८२८-२९ च्या सुमारास तिथे माणसं पटापट मेली हे खरं, पण हगवण आणि डोळ्यांच्या साथींनी हैराण झालेली, अपुऱ्या शिध्यावर उन्हात राबणारी माणसं होती ती. एखादा मेला कशाने याचं उत्तर डॉक्टर "हगवण" असं लिहितो आणि शेजारी झोपणारा कैदी "भूक" असं म्हणतो, आणि दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत. लोकगीत शेजाऱ्याचं ऐकतं.

आता गाण्यातल्या जागांची यादी तपासा, इथे खरी मजा आहे. टूंगॅबीची सरकारी शेती १७९१ ला सुरू झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीलाच गुंडाळली. कॅसल हिलची शेती त्यानंतरची, तीही १८११ च्या पुढे राहिली नाही. एमू प्लेन्स १८१९ चं, पोर्ट मॅक्वारी १८२१ चं, नॉरफोक बेट दुसऱ्यांदा चालू झालं १८२५ ला. म्हणजे जो माणूस टूंगॅबीला बेड्या घालून राबला तो १८०० च्या आसपास आलेला असणार, आणि तोच लोगनच्या हाताखाली १८२८-२९ ला असेल तर त्याला येऊन पंचवीसेक वर्षं झालेली, वय पन्नाशीच्या आसपास, आणि तरी तो म्हाताऱ्या आईबापांची आणि प्रेयसीची आठवण काल निघाल्यासारखी काढतोय? शिवाय मधल्या काळात एकदाही सुटका नाही, शिक्षेची प्रत्येक बदनाम जागा एकही न चुकवता फिरून आलाय? अशक्य म्हणत नाही, पण असं नशीब घेऊन कोणी येत नाही.

मग ही यादी कशाची? आयरिश कैद्यांमध्ये ज्या ज्या जागांचं नाव घेतलं की अंगावर काटा यायचा त्या जागांची. कॅसल हिल त्यात का, तर मार्च १८०४ मध्ये तिथल्या कैद्यांनी बंड केलं होतं, बरेचसे आयरिश, त्यातले कित्येक १७९८ च्या आयर्लंडमधल्या इंग्रजांविरुद्धच्या उठावातून आलेले. सैन्याने गाठून झोडपलं, म्होरक्यांना फाशी दिलं. ज्याने १८३० मध्ये हे कडवं म्हटलं त्याला कॅसल हिल पाठीवर माहीत असायची गरज नव्हती, कानावर माहीत असणं पुरेसं होतं. एका पिढीने दुसरीला सांगितलेला सगळा हिशोब कोणीतरी एका "मी"च्या तोंडात घातलाय. पोवाड्यातला शाहीर लढाईत स्वतः नसला तरी लढाई खोटी होत नाही, तसं.

चालीकडे बघा म्हणजे हे आणखी पटतं. जी चाल आज या गाण्याला लावतात ती आयर्लंडमधली जुनी, योल बंदराच्या गाण्याची. त्याच चालीवर नंतर, १८९८ मध्ये, १७९८ च्या उठावाला शंभर वर्षं झाली तेव्हा वेक्सफर्डमधल्या बंडखोर पाद्र्यावर गाणं रचलं गेलं, आयर्लंडमध्ये ते अजून पोरासोरांना पाठ आहे. एकच चाल, इकडे हद्दपार झालेल्यांचं दुःख, तिकडे घरी लढून मेलेल्यांचं. ठरवून केलेलं नाही हे, पण ऐकणाऱ्या आयरिश माणसाच्या डोक्यात दोन्ही एकमेकांवर बसतात ते बसतातच.

कवी कोण हा प्रश्न येतोच. बऱ्याच ठिकाणी बिनधास्त लिहिलेलं असतं की फ्रँक द पोएट, म्हणजे फ्रान्सिस मॅकनामारा. माणूस भारी होता. दुकानाची काच फोडून कापड चोरलं म्हणून सात वर्षांची शिक्षा होऊन आलेला, सतत फटके खाणारा आणि सतत कविता करणारा. पण तो सिडनीला उतरला १८३२ मध्ये. लोगन मेला १८३० मध्ये. म्हणजे लोगनच्या हाताखाली तीन वर्षं हा माणूस नव्हताच. १८३९ ची त्याची एक लांबलचक विनोदी कविता आहे, त्यात फ्रँक मरून नरकात फेरफटका मारायला जातो आणि तिथे कोण कोण जळतंय ते बघत सुटतो, जेलर, फटके मारणारे, गव्हर्नर, आणि त्यात मॉर्टन बेचा कॅप्टन लोगनही आगीत. म्हणजे लोगनला मरून नऊ वर्षं झाली तरी, ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही अशा कैद्यांच्या तोंडी त्याचं नाव होतं. फ्रँकने हे गाणं रचलं असेलही, पण रचलं असेल तर ऐकीव माहितीवर, आणि मग परत तेच, "मी" म्हणजे फ्रँक नाही. शिवाय हा गडी आपलं नाव कवितेत घातल्याशिवाय सहसा राहायचा नाही आणि या गाण्यात कुठेही नाव नाही. मला स्वतःला तरी हा आवाज फ्रँकचा वाटत नाही, त्याच्यात जी टवाळी असते ती इथे औषधालाही नाही.

लोगनच्या मरणाकडे येऊ, कारण गाणं त्याच क्षणासाठी बांधलेलं आहे. ऑक्टोबर १८३०. त्याच्या जागी दुसरा अधिकारी आलेला होता, त्याची पलटण हिंदुस्थानात निघायची होती, म्हणजे अजून थोडा टिकला असता तर हा आपल्या मद्रासकडे दिसला असता. सिडनीच्या एका पेपरच्या संपादकाने त्याच्या क्रूरपणाबद्दल छापलेलं, त्या अब्रूनुकसानीच्या खटल्यासाठी त्याला सिडनीला जायचं होतं. त्याआधी नदीच्या वरच्या भागाची शेवटची पाहणी करायला तो गेला, साथीदारांपासून एकटा पुढे सरकला आणि परत आला नाही. काही दिवसांनी घोडा मेलेला सापडला आणि जवळच उथळ खड्ड्यात पुरलेला तो. मूळनिवाशांनी मारलं असंच ठरलं, पण पळालेल्या कैद्यांचा हात होता की काय ही कुजबुज थांबली नाही. कुजबुजीला कारणही होतं, कारण मॉर्टन बेहून पळालेले काही कैदी खरोखर मूळनिवाशांमध्ये राहत होते, जेम्स डेव्हिस नावाचा एक तर तेरा-चौदा वर्षं राहिला, १८४२ मध्ये परत आला तेव्हा इंग्रजी बोलताना अडखळत होता.

गाणं मात्र या मूळनिवाशाबद्दल एका ओळीच्या पुढे जात नाही आणि इथे मला ते खटकतं. तो दबा धरतो, मारतो, संपला. त्याला लोगनचा राग का होता, त्याच्या जमिनीवर हे सगळे कोण येऊन बसले होते, काही नाही. यहुद्यांची उपमा लावल्यावर त्याचं काम देवाने पाठवलेल्या अरिष्टाचं होऊन बसतं, बायबलमध्ये मिसरवर बेडूक आले, टोळधाड आली, तसा एक काळा माणूस आला. कैद्यांच्या दुःखाला गाण्यात पाच कडवी आहेत आणि ज्याने त्यांना सोडवलं त्याला नाव पण नाही. आणि हो, बायकाही नाहीत. १८२९ पासून मॉर्टन बेला बायका कैदी होत्या, आधी आजच्या क्वीन स्ट्रीटवर, नंतर ईगल फार्मला, गाण्यात फक्त घरी राहिलेली प्रेयसी. इंग्रज कैदी पण गायब, जे खरंतर संख्येने जास्त होते. गाणं आयरिश पुरुषाचं आहे, पूर्ण मॉर्टन बेचं नाही, पुरावा म्हणून वापरताना एवढं भान पाहिजे.

आता या प्रकरणातला सगळ्यात मोठा धागा, नेड केली, ऑस्ट्रेलियातला दंतकथा होऊन बसलेला दरोडेखोर. फेब्रुवारी १८७९ मध्ये केलीच्या टोळीने न्यू साउथ वेल्समधल्या जेरिल्डेरी गावात बँक लुटली आणि जाताना एक लांबलचक पत्र छापायला म्हणून दिलं, आठ हजार शब्दांच्या आसपासचं, केली सांगतोय आणि साथीदार जो बर्न लिहितोय. कोणी छापलं नाही, संपूर्ण पत्र छापून यायला १९३० उजाडलं. त्या पत्रात एक जागा अशी येते की आयरिश पोरांना पोर्ट मॅक्वारी, टूंगॅबी, नॉरफोक बेट आणि एमू प्लेन्सला पाठवलं, सॅक्सनांच्या, म्हणजे इंग्रजांच्या, जुवाखाली मान घालण्यापेक्षा फटके खात बेड्यांत मेले, पण झुकले नाहीत. वाचताच कळतं की हे गाण्यातून आलंय. जागा त्याच, जुलूम, शिक्षा, जू हे शब्दही तेच, आणि टूंगॅबीचं स्पेलिंग असं काही भलतंच केलंय की हे नाव कुठे वाचलेलं नाही, फक्त ऐकलेलं आहे हे उघड दिसतं.

इथे एक गोष्ट बघा. केलीचा बाप स्वतः हद्दपार होऊन आलेला, आयर्लंडमधल्या टिपरेरीचा, दोन डुकरं चोरल्याबद्दल. पण तो गेला व्हॅन डीमन्स लँडला, म्हणजे टास्मानियाला. या यादीतल्या एकाही जागी नाही. म्हणजे केली घरातली आठवण सांगत नाहीये, गाण्यातली आठवण घरातली म्हणून सांगतोय. आणि बदल पण नेमका केलाय, गाण्यात जू होतं लोगनचं, केलीच्या पत्रात जू झालं सॅक्सनांचं. एका कॅप्टनबद्दलचा राग पन्नास वर्षांत पूर्ण राज्यकर्त्या जमातीवरचा राग झाला. लोगन गळून पडला, मॉर्टन बे पण गळून पडलं, यादी राहिली. गाण्याचा "मी" कोणा एकाचा नव्हता म्हणूनच ते केलीला अंगावर चढवता आलं. एखाद्या खऱ्याखुऱ्या माणसाची डायरी असती, नाव गाव तारीख असलेली, तर ती त्याच्याबरोबर पेटीत गेली असती.

उलट उदाहरण पण हाताशी आहे. ऑस्ट्रेलियात शाळेतल्या पोरांना जे कैद्यांचं गाणं म्हणून येतं, ते तूरा-ली-तूरा-ली वालं बॉटनी बेचं, ते १८८५ मध्ये लंडनच्या नाटकात आलं, शेवटचं कैदी जहाज पोचून सतरा वर्षं झाल्यावर. ठेका मस्त, टाळ्या वाजवाव्यात असं. त्यात बेड्या आहेत पण लागत नाहीत. दुःख सुरक्षित अंतरावर गेलं की त्याचा असा तमाशा होतो, आणि लोकप्रिय तोच होतो. मधली कित्येक दशकं घरात कोणी कैदी होता हे लोक लपवत होते, कागद फाडत होते, आणि साधारण १९७० नंतर वारं फिरलं, आता कैदी पूर्वज सापडला की लोक मिरवतात. अशा लपवाछपवीच्या काळात मॉर्टन बेसारखं गाणं गावागावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिलं, आणि १९५० च्या दशकात काही लोक टेप रेकॉर्डर घेऊन अशा जुन्या गाणाऱ्यांकडे फिरले म्हणून पाठ आणि चाली हाताला लागल्या. पाठात फरक आहेत, कुठे कडवं कमी, कुठे जागा मागेपुढे, पण तिकाटणं आणि लोगन कुठेच सुटत नाहीत.

आज ब्रिस्बेनच्या दक्षिणेला लोगन नावाची नदी आहे आणि तीन लाखांवर वस्तीचं लोगन नावाचंच शहर आहे, ते याच कॅप्टनच्या नावाने. नाव बदला म्हणणारे आणि राहू द्या म्हणणारे आपण इकडेही रोज बघतो, त्यात मी पडत नाही. माझं म्हणणं गाण्यापुरतं आहे. कार्यक्रमाच्या पत्रिकेत आणि अल्बमच्या मागे "फ्रँक द पोएट" छापलेलं असतं तिथे "पारंपरिक" छापावं, आणि निवेदकाने "एका कैद्याची आत्मकथा" म्हणण्याऐवजी १७९१ ते १८३० च्या चाळीस वर्षांतल्या आयरिश कैद्यांनी एकाच्या तोंडून बोललेलं गाणं असं सांगावं. वाक्य थोडं लांब होईल, चालेल.